‘देप्रेदादोर’चं कार्ड

सांगली,
५ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप काका आणि प्रिय काकू,

दोघांना वाकून नमस्कार. काका, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन आता उन्हाळ्यापर्यंत लांबलं असं बाबांकडून कळलं. पत्र काकूच वाचून दाखवणार, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. काकू, तरी कुठे अडलीस तर सोडून दे. काही विशेष नाही.

इकडे सगळं ठीक. बाबांचे गुडघे थंडीत धरतात, आईने एरंडेलाचा सपाटा लावला आहे. शाळेचं स्नेहसंमेलन झालं. माझ्या पाचवी ‘ब’ने पोवाडा म्हटला, त्यात तलवारबहाद्दराची मिशी गळून पडली, आणि टाळ्या त्यालाच सर्वांत जास्त मिळाल्या.

आपल्या स्पॅनिश-मराठी कोशाची ‘द’ची कार्डं रजिस्टरने पाठवली आहेत. पोचली की काकूने पोस्टकार्ड टाकावं. ‘देस्पेदीदा’चा अर्थ तुम्ही ‘निरोपसमारंभ’ दिला होता. मला तो जड वाटला. बंदरावर बोटीला रुमाल हलवणाऱ्या बाईने समारंभ कुठला केला असणार? मी नुसतं ‘निरोप’ लिहिलं आहे. चुकलं असेल तर खोडा.

एक कार्ड त्यात नाही. ‘देप्रेदादोर’. भक्ष्य मारून जगणारा प्राणी. अर्थ तयार आहे, पण वाक्यातला प्रयोग स्वतःच्या कानांनी ऐकलेला हवा ही तुमची अट, आणि तसा मिळाला नाही. मिळाला की पाठवते.

इनेसबाईंचं विचारलं होतंत. नाताळात त्यांचं पत्र आलं, मी अजून उत्तर दिलेलं नाही. आणि नाही, कवठे महांकाळकडे पुन्हा गेले नाही. कामच पडलं नाही.

तब्येत बरी आहे. झोप कमी, एवढंच. मिरज रस्त्यावर हल्ली मेंढरांचे कळप फार येतात, सायकल काढणं कठीण होतं. मी उतरून, कळप जाईपर्यंत कुंपणाकडे तोंड करून उभी राहते. बरोबरची शिक्षिका म्हणाली, ‘मेंढ्यांना काय लाजतेस?’ मी हसून घेतलं.

आपली आज्ञाधारक,
अपूर्वा

&nbsp;

सांगली,
११ मार्च १९९६

तीर्थरूप काका, काकू,

नमस्कार. पोस्टकार्ड मिळालं. अक्षर काकूचं असलं तरी ओळी तुमच्या आहेत हे पहिल्याच वाक्यात कळलं. ‘लांडग्यांचा अभ्यास करणाऱ्या स्पॅनिश बाईबरोबर तू तीन महिने दुभाषी म्हणून माळावर हिंडलीस, आणि हा शब्द तुझ्या कानावर पडला नाही? खुलासा कर.’

खुलासा करते.

आधी अर्थ. मूळ क्रियापद ‘देप्रेदार’, म्हणजे लुटणं, तेही मोडतोड करत. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला लुटीचा माल आहे. तेव्हा अगदी मुळात हा लुटारू, चढाई करून आलेलं सैन्य, समुद्रावरचा चाचा. जनावराला ते नाव मागाहून लागलं. आज उलट झालं आहे. शब्द उच्चारला की आधी जनावर डोळ्यांपुढे येतं: लांडगा, घार, मोठा मासा, अगदी कोळीसुद्धा. आणि वर्तमानपत्रं आता तो परत माणसांना लावतात, दुबळं कोण ते हेरून त्याच्यावर टपणाऱ्यांना. स्त्रीलिंगी रूप ‘देप्रेदादोरा’.

मराठीत काय लिहायचं हे मात्र ठरत नाही. ‘शिकारी’ म्हटलं की बंदूक घेतलेला माणूस दिसतो. ‘हिंस्र’ ही शिवी झाली, अर्थ नव्हे. ‘भक्षक’ फक्त भाषणातल्या ‘रक्षकच भक्षक’मध्ये जिवंत आहे. मला लांब पण सरळ लिहावंसं वाटतं: ‘दुसरे प्राणी मारून त्यांवर जगणारा’.

कुठे वापरतात, तेही सांगते. इनेसबाई म्हणायच्या की हा शब्द विद्यापीठातला. त्यांच्या आजीचं गाव स्पेनमधल्या सामोरा प्रांतात, लांडग्यांच्याच डोंगराखाली. तिथे कुणी ‘देप्रेदादोर’ म्हणत नाही. आजी लांडग्याला लांडगासुद्धा म्हणायची नाही. ‘तो’ म्हणायची. ‘काल तो येऊन गेला.’ हे ऐकून मी चमकले, कारण आमची हरणाबाईही दिवस कलला की ‘त्यो’च म्हणायची.

हरणाबाई आणि तिचा नवरा हरिबा हे धनगर. त्यांच्याच कळपामागे आम्ही हिंडत होतो. इनेसबाईंनी तिला विचारायला सांगितलं, की लांडगा तुमची कोकरं नेतो, तर तुम्ही त्याला म्हणता काय? हरणाबाई म्हणाली, ‘काय म्हनायचं? भूक लागली का येतुया, प्वाट भरलं का जातुया. तुज्या बाईला इचार, तिच्या मुलखात प्वाट भरल्याव जानारी मान्सं किती हायती?’ मी शब्दशः सांगितलं. इनेसबाई इतक्या हसल्या की वही खाली पडली.

तिच्या लेखी कळपातलं एक कोकरू त्याचंच असतं. त्याला ती वाटा म्हणते. एखादं कोकरू जन्मतःच मेलं तर पुरत नाहीत, कुणाला देत नाहीत, ओढ्यापलीकडे नेऊन ठेवतात. ‘त्येचं त्येला.’ असं मी कुठल्या कोशात वाचलं नव्हतं.

आता जे घडलं ते. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर पडक्या चुनाभट्टीमागच्या घळीत लांडगीची चार पिल्लं होती. हरणाबाईनेच आम्हाला लांबून दाखवली होती. ती कुणीतरी गवत पेटवून, मिरच्यांचा धूर करून मारली. चौकशी झाली. लांडगा मारणं गुन्हा आहे. माझा जबाब घेतला, तो मी लिहून दिला. जबाबातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. मी चार वेळा तपासलं होतं. खटला हरिबावर झाला. अजून चालू आहे.

पिल्लं गेल्यावर तीन दिवस ती लांडगी भर दुपारी आमच्या जीपमागून चालत आली. पळत नव्हती. नांगरटीतून, ढेकळं चुकवत, सावकाश. जीप थांबली की थांबायची, निघाली की निघायची. इनेसबाई म्हणाल्या, असं वागताना मी कधी पाहिलं नाही. मी मागच्या सीटवर बसत असे. तिसऱ्या दिवशी मी पुढे बसायला मागितलं. पुढे बसूनही आरशात दिसत होती.

हल्ली सायकलवर मी मागे वळून बघते. आईच्या ध्यानात आलं आहे. म्हणते, ‘कोण त्रास देतंय का गं? बाबांना सांगू?’ कोणी नाही, असं सांगितलं. मागे खरंच कोणी नसतं.

म्हणून कार्ड राहिलं. तुम्ही रागावू नका. तुम्ही मला आठव्या वर्षापर्यंत शाळेचं तोंड बघू दिलं नाहीत, माझा दमा आणि तुमची बोटीवरच्या नोकरीची पेन्शन, दोन्ही एकाच ओट्यावर बसवलीत, आणि इंग्रजीच्या आधी स्पॅनिश शिकवलंत. नियमही तिथेच घातलेत. ‘दुभाष्याने पदरचं घालू नये, समोरच्याचं गाळू नये. तिसऱ्यासमोर दोघांनी परक्या भाषेत बोलून त्याला अंधारात ठेवणं हा त्याचा अपमान.’ तुम्ही वायरलेसच्या खोलीत चाळीस माणसांचे निरोप सांभाळलेत, तुम्हाला तो नियम शोभला. मी तो तसाच्या तसा पाळला, एवढंच म्हणते.

आपली आज्ञाधारक,
अपूर्वा

&nbsp;

सांगली,
२३ एप्रिल १९९६

तीर्थरूप काका,

तुमचं दुसरं पोस्टकार्ड एकाच ओळीचं होतं: ‘नियम पाळलास म्हणजे काय केलंस?’

कार्ड सोबत जोडलं आहे. प्रयोगासकट. प्रयोग माझ्या कानांनी ऐकलेला आहे. फेब्रुवारीत मिळाला नाही म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. ‘ला देप्रेदादोरा आंदारा सेर्का.’ मादी जवळपासच असेल. सोमवार, १६ जानेवारी १९९५, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, बाळासोंच्या अंगणात.

काकू, इथून पुढचं काकांना तुझ्या आवाजात ऐकावं लागणार, म्हणून सव्वा वर्ष मी लिहिलं नाही. तुझा आवाज कसा होईल ते मला आत्ताच ऐकू येतं आहे. तरी वाच.

बाळासो म्हणजे चुनाभट्टीच्या अलीकडचे द्राक्षबागवाले. त्यांच्या दोन शेळ्या गेल्या होत्या, म्हणून इनेसबाईंना त्यांच्याशी बोलायचं होतं. अंगणात सात-आठ माणसं. चहा झाला. बाळासो गमत्या माणूस. म्हणाले, ‘बाईसायेब, लांडग्याचा अब्यास कराया येवड्या लांबनं आलाय, तर आमच्या पुढाऱ्यांचा बी करून जावा की. तिकीट त्येच हाय!’ मी सांगितलं, सगळे हसले, इनेसबाईही. त्या हसण्यातच त्या माझ्याकडे वळल्या आणि हळू म्हणाल्या, ‘उद्या ऊन वर आलं की भट्टीमागच्या घळीकडे जाऊ. चारही पिल्लं आता बाहेर बसतील. ला देप्रेदादोरा आंदारा सेर्का.’ शेवटचं वाक्य त्यांनी डोळे मिचकावून म्हटलं. मी कोशासाठी त्या शब्दाचा प्रयोग द्या म्हणून महिनाभर त्यांच्या मागे लागले होते. तो त्यांनी मला भेट म्हणून दिला.

बाळासो म्हणाले, ‘काय म्हन्त्यात बाई? आमच्याच दारात बसून आमचीच चुगली व्हय?’ मग आपल्या माणसांना म्हणाले, ‘शेरातली पोरगी हाय, ग्वाड बोलंल आनि अर्दं गिळंल.’

मला दोन क्षण मिळाले होते. ‘चहा छान झाला म्हणतात’ एवढं पुरलं असतं. इनेसबाईंचं बोलणं बैठकीसाठी नव्हतंच, ते मला एकटीला होतं, हे मला कळत होतं. बाळासोंच्या शेळ्या त्याच मादीने नेल्या तेही माहीत होतं. सगळ्या माणसांची तोंडं माझ्याकडे होती. मी अर्धं गिळणारी नाही हे दाखवायचं होतं. मी अक्षर न् अक्षर सांगितलं. भट्टी, घळ, चार पिल्लं, ऊन वर आल्यावर, मादी जवळपास. इतकं स्वच्छ भाषांतर मी आयुष्यात केलं नाही.

बाळासो म्हणाले, ‘आस्सं.’ आणि कप खाली ठेवला.

मंगळवारी आम्ही गेलो तेव्हा पिल्लं उन्हात बसली होती. बुधवारी नव्हती. घळीच्या तोंडाशी राख, आणि मिरच्यांचा ठसका अजून हवेत होता. इनेसबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘कुणाला कळलं?’ त्यांना मराठी येत नव्हतं. मी त्यांच्या वतीने काय बोलले ते त्यांना कधीच कळणार नव्हतं. मी म्हटलं, ‘नो से.’ माहीत नाही.

गुरुवारी हरणाबाईचं एक कोकरू जन्मतःच मेलं. ते तिने पदरात घालून नेलं आणि घळीच्या तोंडाशी ठेवलं. मी जवळ होते. म्हणाली, ‘पोरं गेली तिची. वाटा तरी ऱ्हाऊ दे.’ लांडगीने त्याला तोंड लावलं नाही. शुक्रवारी चौकशीला आलेल्या वनखात्याच्या साहेबांना ते तसंच दिसलं. आसपास दुसरा कळप नव्हता, म्हणजे कोकरू हरिबाचं. ते म्हणाले, हे आमिष आहे, आईलाही मारायला ठेवलंय. मला विचारलं, ‘बाई, तुम्ही यांच्यात राहिलात. हे काय आहे?’ मी म्हटलं, ‘मला नक्की सांगता येणार नाही.’

मग जबाब लिहून दिला. ‘सदर घळीची जागा हरिबा व त्याची पत्नी हरणाबाई यांनाच माहीत होती व त्यांनीच ती आम्हांस दाखवली.’ वाक्य खरं आहे, काका. सोमवारी साडेतीनपर्यंत ते खरं होतं. मी फक्त वार लिहिला नाही.

बाळासोंचं नाव घेतलं असतं, तर ‘त्यांना कुणी सांगितलं’ हा पुढचा प्रश्न होता. बाकी मला कुणाची भीती नव्हती. तुमच्या हाताखाली शिकलेल्या मुलीने पहिल्याच कामात काय केलं, हे तुमच्या कानावर येऊ नये, एवढ्यासाठी मी एक माणूस अडकवला. मागच्या पत्रात तर तुमचा नियम पुढे करून तुम्हालाही त्यात ओढलं. तुमच्या नियमाने मला अंगणात बोलायला लावलं असं मी म्हणू शकेन कदाचित. पण जबाबाच्या वेळी तुम्ही कुठे होतात?

काल हरिबाची तारीख होती. मी शाळेत रजा टाकली आणि पहाटेच्या एसटीने कवठे महांकाळला गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात हरणाबाई भिंतीला टेकून बसली होती. वाळली आहे. गेल्या वर्षी चारा होता म्हणून कळप माळावरच राहिला होता; यंदा चारा नाही, पण तारखांमुळे हरिबाला गावाबाहेर जाता येत नाही, त्यामुळे दिवाळीनंतर कळप पाटणकडे गेलाच नाही. सगळा हंगाम त्याच वाळक्या माळावर. निम्मी मेंढरं गेली म्हणाली, पाऊसपाण्याची गोष्ट सांगावी तशी. मला बघून सरकली आणि जागा केली. फडक्यातून भाकरी काढून अर्धी माझ्या हातात दिली. ‘खा. येष्टीनं उपाशी आलीस आसशील.’

मी भाकरी हातात धरून तिला सगळं सांगितलं. अंगण, बाळासो, जबाब.

ती चावत राहिली. मग म्हणाली, ‘ठावं हाय.’

‘कधीपासून?’

‘त्याच दिशी. बाळासोच्या बागंत आमच्या जावंचा ल्योक कामाला हाय.’

‘मग सांगितलं का नाहीत?’

‘सांगितलं की. पैल्याच दिशी सायबाला सांगितलं, मग वकिलाला सांगितलं. तुजं लिवल्यालं व्हतं, बाई. आमचं त्वांडाचं.’

मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या नाहीत. माझ्या हातातल्या भाकरीकडे बघून म्हणाली, ‘खानार न्हाईस तर आन हिकडं. म्हाताऱ्याला व्हईल.’ मी परत दिली. तिने फडक्यात बांधली.

लांडगीचं विचारलं. म्हणाली, ‘त्या पावसाळ्यापस्नं न्हाई दिसली.’

हरिबाच्या वकिलांना मी आधी सांगितलं, ते धावपळ करून मला आत घेऊन गेले. मी सर्व सांगितलं, वारासकट, वेळेसकट. कोकरू कशासाठी ठेवतात तेही. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, ‘हे सगळं तेव्हाच का लिहिलं नाही?’ मी म्हटलं, ‘लाज वाटली.’ त्यांनी कारकुनाला सांगितलं, ‘लिहा, भीतीपोटी.’ मी म्हटलं, ‘भीती नव्हती. लाज लिहा.’ कारकून माझ्याकडे बघत राहिला. साहेब म्हणाले, ‘बाई, खोट्या जबाबाबद्दल तुमच्यावरही कारवाई होऊ शकते, समजतंय ना?’ मी हो म्हटलं. मग त्यांनी ‘लाज’ लिहायला सांगितलं.

निकाल लागलेला नाही. पुढची तारीख जूनमध्ये, बाळासोंना समन्स निघेल. हरिबाला तोवर हजेरी माफ केली आहे, कळप घेऊन कुठेही जाऊ शकतो. मला पुन्हा बोलावतील. घरी काल संध्याकाळीच सांगितलं. आई रडली, बाबांनी पुढची तारीख विचारली. शाळेत उद्या सांगणार आहे. इनेसबाईंना आज सकाळी लिहिलं, स्पॅनिशमध्ये, चार ओळी.

बाहेर आल्यावर हरिबा पायऱ्यांशी उभा होता. सव्वा वर्षात तो माझ्याशी बोलला नव्हता. डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा बांधत म्हणाला, ‘बाई, दिवाळीच्या आदी ह्ये बोलली आसतीस तर...’

त्याने वाक्य पुरं केलं नाही. मीच विचारलं, ‘तर काय, हरिबा?’

‘तर काय न्हाई. चल गं,’ तो बायकोला म्हणाला, ‘मेंढरं नदीकाठाला हलवाया पायजेत. हायती ती तरी.’

ती दोघं उन्हातून बाजाराच्या रस्त्याने गेली. हरणाबाईने एकदाही वळून बघितलं नाही. मी ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

काका, कोशावर माझं नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला विचारू नका.

तुमच्याकडे शिकलेली, आणि केलं ते स्वतःचं स्वतः केलेली,
अपूर्वा